आधी सोळा पानं, मग वर्षाचं बघू

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं, व्हॉट्सअ‍ॅपवरची चार पानंही मिळाली. मुलगी बारावी सायन्सला आहे. गणपती उठल्यावर तिनं घरात जाहीर केलं की इंजिनिअरिंग नाही. परीक्षा झाली की वर्षभर घरी बसून एक रंगवलेली ग्राफिक कादंबरी पूर्ण करायची. एकशे वीस पानं, गोष्ट ग्रीक देवी डीमिटर आणि तिची पळवून नेलेली लेक पर्सेफनी यांची, पण आजच्या काळातली. तुम्ही विचारता, यात पोट भरतं का, वर्ष वाया जाऊ द्यावं का, आणि "आपल्याकडे रामायण-महाभारत असताना ही ग्रीसला कशाला गेली?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण घरातलं खरं भांडण तेच दिसतंय. पुण्यात जन्मलेल्या आणि गोव्यात वाढलेल्या अमृता पाटील यांनी महाभारत रंगवलं, 'आदिपर्व' 2012 मध्ये आलं. न्यूझीलंडच्या रेचल स्माइथनं मात्र याच पर्सेफनीला मोबाइल आणि गाड्यांच्या शहरात आणून बसवलं. 2018 मध्ये वेबटून या ऑनलाइन कॉमिक्सच्या संकेतस्थळावर सुरू झालेल्या तिच्या 'लोर ऑलिंपस' मालिकेला 2022 मध्ये आयस्नर हा कॉमिक्ससाठीचा पुरस्कार मिळाला. स्माइथचा जन्मही काही अथेन्सचा नव्हता. गोष्ट कुठलीही निवडा, अभ्यास केला पाहिजे. तुमच्या मुलीचा हात चांगला आहे. अभ्यास कच्चा आहे.

तिचं तिसरं पान समोर घ्या. डीमिटर बाकावर बसली आहे, मागे निळ्या घुमटांची पांढरी घरं, वरून बर्फ पडतंय. ती घरं सँटोरिनीची, ट्रॅव्हल कंपनीच्या कॅलेंडरवरची. डीमिटरचं गाव एल्युसिस, आजचं एलेफ्सिना, अथेन्सपासून वीसेक किलोमीटरवर. तिथे तेलशुद्धीकरण कारखाना आहे, खाडीत गंजलेल्या जहाजांचे सांगाडे आहेत, आणि यांच्याच शेजारी देवीच्या मंदिराचे अवशेष आणि पाताळाचं दार मानली गेलेली गुहा. अथेन्सहून यात्रा ज्या वाटेनं जायची तिचं नाव आजही तिथल्या रस्त्याला आहे, इएरा ओडोस, म्हणजे पवित्र वाट. हे गाव 2023 मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, त्यामुळे फोटो आणि व्हिडिओ भरपूर मिळतील. 'पुराण आजच्या काळात' हे तिथे आयतंच उभं आहे. देवीला जीन्स घातली की आधुनिक झालं, असं नसतं.

आणि ते बर्फ. मूळ गोष्टीत लेक वर्षाचा काही काळ पाताळात असते, तेव्हा आईच्या दुःखानं रान उजाड होतं. तुमच्या मुलीनं तो काळ हिवाळा धरलाय. ग्रीसमध्ये धान्य शरदातल्या पावसानंतर पेरतात आणि मे-जूनच्या सुमारास कापतात. रान उजाड होतं ते कोरड्या उन्हाळ्यात. म्हणून लेक पाताळात असते तो काळ उन्हाळ्याचा, असं काही अभ्यासकांचं मत आहे. हे पटलं तर तिचं निळं-पांढरं पान करपलेलं पिवळं होईल. आपल्याकडचा एप्रिल पाहिलेल्या मुलीला तो रंग शिकवायला नको!

आता वर्षाचं. मे महिन्यापासून चार पानं झाली, असं तुम्हीच लिहिलंय. कॉलेज-क्लास नसताना एका पानाला तीन दिवस धरले तरी एकशे वीस पानांचे तीनशे साठ दिवस होतात, एकही रविवार न पाळता. वर्षात हे होणार नाही, आणि मधेच तुटलेलं काम प्रकाशकाला किंवा परीक्षकाला दाखवणं अवघड जातं. छपाईत बहुधा सोळा पानांचा एक फॉर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला गठ्ठा, असतो. तिला म्हणावं, एक फॉर्मा पूर्ण कर. प्रसंगही डीमिटरवरच्या जुन्या ग्रीक स्तोत्रातच आहे. लेक हरवलेली डीमिटर म्हातारीच्या वेषात विहिरीपाशी बसते, राजाच्या चार मुली कळशा घेऊन पाण्याला येतात, आणि देवी त्यांच्या घरी तान्ह्या भावाला सांभाळायला राहते. एलेफ्सिनात आज अनोळखी म्हातारी काम मागायला आली तर? एवढं सोळा पानांत मावतं. शिवाय ही आईच्या बाजूनं सांगितलेली गोष्ट होईल, त्यामुळे स्माइथची नक्कल वाटणार नाही.

स्तोत्र अडीच हजार वर्षांहून जुनं, त्यावर कुणाचा हक्क नाही. हल्लीच्या लेखकांनी फिरवून सांगितलेल्या गोष्टींवर मात्र असतो, त्यांतली वाक्यं उचलू नयेत. संवाद तिनं थेट चित्रावर ब्रशनं लिहिलेत, तेही थांबवा. चित्र रिकामं स्कॅन करून अक्षरं संगणकावर वेगळ्या लेयरवर टाकली, तर उद्या त्याच चित्रांवर मराठी आवृत्तीही निघू शकते.

बारावी मात्र सोडायची नाही. बी.एफ.ए., म्हणजे चित्रकलेच्या पदवीसाठी, राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे. जे. जे., पुण्याचं अभिनव, पणजीचं गोवा कला महाविद्यालय, प्रत्येकाची प्रवेशाची रीत त्या-त्या संस्थेच्या संकेतस्थळावर नीट पाहा. बी.डिझाइनसाठी आयआयटीसारख्या संस्थांची यूसीड आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट, या प्रवेश परीक्षा. यूसीडला सायन्सची अट नाही, पण लागोपाठच्या दोनच वर्षी बसता येतं. त्याचे अर्ज दिवाळीच्या आसपास बंद होतात, तेव्हा तारखा आजच बघा. मुलाखतीला ही सोळा पानं आणि त्यांची कच्ची रेखाटनं दोन्ही न्यावीत. पुष्कळदा कच्च्या कामाकडेच जास्त वेळ पाहिलं जातं.

पोटाचं सरळ सांगते. आपल्याकडे नुसत्या ग्राफिक कादंबरीवर घर चालवणारे फार थोडे. बाकीचे मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढतात, जाहिरात आणि अ‍ॅनिमेशनसाठी स्टोरीबोर्ड करतात, गेम कंपन्यांत काम करतात, आणि पुस्तक रात्री पुढे सरकतं. हातानं रंगवणाऱ्याला एक फायदा असतो. मूळ चित्रं वेगळी विकता येतात. म्हणून पुढे कधी करार झाला तर प्रकाशनाचा हक्क द्यावा, कॉपीराइट आणि मूळ कागद आपल्याकडे ठेवावेत.

तिसरं पान पुन्हा रंगवून झालं की पाठवा. फोटो दिवसा, खिडकीपाशी काढा. ट्यूबलाइटखाली तिचा निळा हिरवट दिसतोय, आणि मी त्यावर शेरा मारता मारता थांबले.