फ्लॉरेन्सहून फार्मवर जायचंय, पण गाडी कुठून घेताय?

तुमचा प्लॅन वाचला आणि आमचीच जुनी ट्रिप आठवली. तुमचाही बेत तोच: इटलीत रोम, मग फ्लॉरेन्स, मग सिएनाजवळ अॅग्रीतुरिस्मोत (म्हणजे शेतावरच्या पाहुणघरात) चार रात्री, सोबत आईबाबा आणि दोन मुलं, आणि रविवारी दुपारी फ्लॉरेन्समधल्या ऑफिसातून गाडी. व्हिसा, हॉटेलं, म्युझियमची तिकिटं यावर काही बोलत नाही, ते तुम्ही नीट बघितलेलं दिसतंय. माझा सगळा आक्षेप त्या रविवार दुपारवर आहे.

एकतर शहरातली गाडी भाड्याने देणारी ऑफिसं रविवारी अर्धा दिवसच चालू असतात, काही तर उघडतच नाहीत. आमच्या वेळी उघडं होतं, तेच दुर्दैव म्हणायचं. बुकिंग एका मध्यस्थ साइटवरून केलेलं, पैसे भरलेले, व्हाउचर हातात. गाडी मी चालवणार होतो पण क्रेडिट कार्ड बायकोचं, कारण डिपॉझिट ब्लॉक होण्याएवढं लिमिट तिच्याच कार्डाला. काउंटरवरच्या बाईंनी पेनाचं टोक व्हाउचरवरच्या माझ्या नावावर ठेवलं, मग कार्डावरच्या नावावर, मान हलवली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. डेबिट कार्ड चालत नाही. बायकोच्या नावाने करा म्हटलं तर तिचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढलेलंच नव्हतं. पैसे परत? साइटला विचारा. साइट म्हणते काउंटरला विचारा. मी म्हणतो, अट असू दे, पण पैसे घेताना एका ओळीत विचारायला काय जातं? वर साइटने विकलेला 'फुल कव्हर' विमा त्या काउंटरच्या लेखी शून्य, म्हणजे काही लागलं-खरचटलं तर आधी तुमच्या कार्डातून कापणार आणि मग तुम्ही क्लेम करत बसायचं. बाबा तोवर बाहेर बॅगेवर बसलेले, उन्हात. शेवटी फार्मच्या मालकीणबाईंनीच त्यांच्या ओळखीचा व्हॅनवाला पाठवला.

तर माझं मत (प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे, बुकिंगच्या अटी स्वतः वाचा, माझ्या भरवशावर राहू नका): गाडी थेट कंपनीकडून घ्या, जो चालवणार त्याच्या नावाचं खरं क्रेडिट कार्ड आणि त्याच्याच नावाने बुकिंग. शक्य असेल तर परमिट दोघांचंही काढा. इटलीत आपल्या लायसन्ससोबत ते लागतंच.

आणि गाडी गावातून घेऊच नका. स्टेशनजवळून टी२ ट्राम पेरेतोला एअरपोर्टला जाते, वीसेक मिनिटं, तिथून घ्या. गाड्यांची ऑफिसं टर्मिनलपासून जरा लांब आहेत, शटल असते. गावातून नको म्हणतो ते झेडटीएलमुळे, म्हणजे गाड्यांवर बंधन असलेला भाग. जुन्या शहरात ठराविक वेळी परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही, कॅमेरे असतात, कोणी अडवत नाही त्यामुळे कळतही नाही. मग भाड्याची कंपनी पोलिसांना तुमचं नाव कळवल्याची फी कापते आणि खरा दंड त्यानंतर पोस्टाने येतो. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवस असतात, म्हणजे घरी येऊन फोटो छापून झाल्यावरसुद्धा. सिएनातही हेच, गाडी तटाबाहेरच लावा.

तुम्ही सहा जण, म्हणून सात सीटर बघताय, पण मागची रांग उघडली की डिकीत दोन केबिन बॅगा कशाबशा मावतात, हे फोटोत दिसत नाही. नऊ सीटर व्हॅन बघा, नाहीतर मोठ्या बॅगा फ्लॉरेन्सच्या हॉटेलात ठेवता येतील का विचारा. ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच सांगा, तिकडे साधी गाडी म्हणजे गिअरचीच. आणि दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला चाइल्ड सीट किंवा बूस्टर कायद्याने लागतो, तोही आधी बुक करा.

शेवटच्या दिवशी फार्मवरून सकाळी निघून थेट रोमच्या फ्यूमिचिनो एअरपोर्टला फ्लाइट, हे मला अजिबात पटलेलं नाही. कच्चा रस्ता, हायवे, रोमचा रिंग रोड, पेट्रोल भरणं, गाडी परत करणं, आणि हे सगळं आईबाबांना घेऊन. फार्मचा मुक्काम ट्रिपच्या मधल्या दिवसांत घाला आणि शेवटची रात्र रोममध्ये काढा. हे करताना फ्लॉरेन्सलाच गाडी देऊन फास्ट ट्रेन घेतली तर दीड तासात रोम, गाडी वेगळ्या शहरात सोडायचा जादा चार्जही वाचतो.

फार्मवाल्यांना मेल करून लोकेशन पिन मागा, पत्ता नको. पत्त्यात नुसतं वस्तीचं नाव असतं, मॅप भलत्याच टेकडीवर नेऊन सोडतो. आणि त्याच मेलमध्ये पहिल्या रात्रीच्या जेवणाचं विचारून ठेवा, बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी सांगितलं तरच करतात, आणि रविवारी संध्याकाळी तिथे पोचून दुकान शोधायला निघालात तर उघडं सापडायची फारशी आशा नाही.