वाचक विचारतात: घरची एस्प्रेसो, मशीन कुठलं घेऊ?

प्रश्न: नमस्कार, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मला आणि ह्यांना रोज सकाळी कॅफेसारखी कॉफी लागते, कॅपुचिनो, लाटे असली दुधातलीच, काळी कोणी पीत नाही. बजेट १२ हजार, अगदीच ओढून १३. ऑनलाइन ४ हजारापासून मशीन दिसतात आणि प्रत्येकावर बार लिहिलेत, कुठे ३.५, कुठे १५, कुठे २०. जास्त बार म्हणजे जास्त चांगलं का? आणि पावडर गणपती पेठेतून आणली तर चालेल का?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी ते बारचं डोक्यातून काढून टाका. बार हे प्रेशरचं माप. एस्प्रेसो म्हणजे कॅपुचिनो-लाटेत दुधाखाली असते ती कडक कॉफी, आणि तिला दळलेल्या कॉफीवर साधारण ९ बार प्रेशर लागतं, बस. १५ किंवा २० जे लिहितात ते पंपाची जास्तीत जास्त ताकद सांगतात, कपातल्या चवीशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे २० वालं दिसलं म्हणून दोन हजार जास्त देऊ नका.

पण ३.५ वाल्याची गोष्ट वेगळी. त्यात पंपच नसतो, नुसत्या वाफेच्या जोरावर पाणी कॉफीतून ढकलतात, त्यामुळे कॉफी कडक होते पण जळकट लागते आणि वर क्रेमा, म्हणजे तो सोनेरी-तपकिरी फेस, धरत नाही. ओळखायला सोपंय, वरच्या बाजूला फिरवून लावायचं जाड झाकण असेल आणि त्यातूनच पाणी ओतायचं असेल तर ते वाफेवालं, आणि मागे पाण्याची सुटी टाकी असेल तर बहुतेक पंपवालं. वाफेवालं घेऊ नका असं मी स्पष्टच सांगते. त्यापेक्षा दीड-दोन हजाराचा मोका पॉट, म्हणजे कॉफीचं दुमजली भांडं, गॅसवर ठेवलेला खूप बरा. त्यातही प्रेशर १-२ बारच असतं, म्हणजे ती खरी एस्प्रेसो नव्हे, पण दुधात छान लागते आणि लाइट गेली तरी अडत नाही.

आता तुमचं बजेट. पूर्ण १२ हजार मशीनवर घालू नका. साधारण ८-९ हजारात दूध फेसाळायला वाफेची नळी असलेलं साधं पंपवालं मशीन मिळतं ते घ्या आणि उरलेल्या पैशात हाताने फिरवायचा बर् ग्राइंडर घ्या, म्हणजे पात्याऐवजी दोन दातेरी चकत्यांमधे दाणे दळणारा. लोक नेमकं इथेच चुकतात, २० हजाराचं मशीन आणतात आणि त्यात सहा महिन्यांपूर्वी दळलेली पावडर घालतात, मग म्हणतात कॅफेसारखी चव येत नाही. कशी येणार? दळलेल्या कॉफीचा वास थोड्या दिवसांतच उडून जातो. घरातल्या मिक्सरमधे दळायचं मनात असेल तर तेही नको, पातं काही दाणे पीठ करतं आणि काही जाडेच ठेवतं, वर त्यात मिरची-मसाला वाटलेला असेल तर तो वास कॉफीत उतरणारच.

तुम्ही विचाराल ३ हजाराच्या ग्राइंडरने एस्प्रेसोइतकं बारीक होईल का. होईल, कारण ह्या मशीनसोबत कॉफी भरायची जी जाळी येते ना ती डबल वॉलवाली असते, खाली एकच बारीक भोक, प्रेशर ती जाळीच तयार करते, म्हणून दळण थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं. खूप भोकांची सिंगल वॉल जाळी असते तिला मात्र दळण अगदी नेमकं लागतं, आणि त्यासाठी ग्राइंडरही महागडा लागतो. तुम्ही दूध घालूनच पिणार तर डबल वॉलवर खुशाल राहा.

एक छोटा वजनकाटा मात्र घ्याच. १५ ग्रॅम कॉफी घातली तर कपात ३० ग्रॅमच्या आसपास उतरली पाहिजे, २५ ते ३० सेकंदात. भसकन आली तर दळण बारीक करा, थेंबथेंब आली तर थोडं जाड.

पेठेतल्या पावडरीबद्दल: आपल्याकडे किराणा दुकानात मिळते ती बहुतेक फिल्टर कॉफीची, चिकोरी मिसळलेली. पाकिटावर टक्केवारी छापलेली असते, वाचून बघा. मशीनसाठी चिकोरी नसलेलीच घ्या. चिकमगळूरकडच्या दाण्यांची २५० ग्रॅमची पाकिटं कुरियरने येतात, त्यावर रोस्टची, म्हणजे दाणे भाजल्याची, तारीख बघून मागवा, भाजणी मीडियम किंवा मीडियम डार्क, दुधात तीच उठून येते.

दूध म्हशीचं असलं तरी चालतं, फक्त फेस जरा जड येतो. तापवलेलं असेल तर साय पूर्ण काढा, फ्रिजमधलं गार घ्या, आणि ६०-६५ अंशाला थांबा, म्हणजे भांड्याला हात लावून ठेववेना की बंद. नळी लगेच ओल्या फडक्याने पुसायची आणि एकदा वाफ सोडायची, नाहीतर दूध आतच वाळून बसतं.

आणि प्लग १५ अँपिअरचाच वापरा, ही मशीन बहुतेक हजार वॅटच्या आसपास किंवा वर असतात, घरच्या साध्या इन्व्हर्टरवर लावू नका. घेण्याआधी सर्व्हिस सेंटर सांगली-कोल्हापुरात आहे की थेट पुण्याला पाठवायचं, हे फोन करून विचारा.

प्रश्न: साताऱ्याजवळ आमचं बोअरचं पाणी आहे. वर्षाच्या आत मशीनमधून धार बारीक झाली. मशीन खराब झालं का?

उत्तर: दादा, बहुतेक क्षार साठलेत. बोअरचं पाणी जड असतं, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच ह्यात आत बसतो. आधी मशीनची पुस्तिका बघा, त्यात मनाई नसेल तर १ लिटर पाण्यात मोठा चमचाभर लिंबूसत्व, ढोकळ्यात घालतो तेच, विरघळवून टाकीत घाला, अर्धं सोडा, १५-२० मिनिटं थांबा, मग उरलेलं सोडा आणि त्यानंतर दोन टाक्या साधं पाणी. व्हिनेगर नको, वास जाता जात नाही. पुढे आरओचं पाणी वापरा, पण त्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, फार खाली असेल तर कॉफी फिकी लागते, तेव्हा थोडं साधं पिण्याचं पाणी मिसळून ७५ ते २५० च्या मधे आणा. बोअरचंच वापरणार असाल तर हे साफ करणं दर महिन्याला करावं लागेल. एवढं करूनही धार सुधारली नाही तर पंप बघायला द्या.