मुंबईच्या उन्हाळ्यात कॅनमधली वाईन: थंड कशी करायची, कॅनमधूनच प्यायची का, आणि कुजका वास का येतो?

तुमचे तीन प्रश्न आहेत: मे महिन्यात कॅन पटकन थंड कसा करायचा, वाईन कॅनमधूनच प्यायली तर चालेल का, आणि एका कॅनला कुजक्या अंड्यासारखा वास का आला. वासापासून सुरुवात करतो, कारण कॅन विकत घेताना काय बघायचं हे त्यातूनच कळतं.

वाईन आंबट असते. ॲल्युमिनियमला थेट लागली तर ती धातू खायला लागते, म्हणून कॅनला आतून प्लॅस्टिकचा अगदी पातळ थर दिलेला असतो. वाईन टिकावी म्हणून तिच्यात थोडा सल्फर डायऑक्साइड असतो. तो त्या थरातून हळूहळू झिरपून धातूपर्यंत पोचला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि कुजक्या अंड्याचा वास त्याचाच. कॅन जितका जुना आणि जितक्या उकाड्यात ठेवलेला, तितका हा वास जास्त. बाटलीच्या काचेला हा त्रास नाही.

म्हणून दुकानात कॅन उलटा करून तळाची तारीख बघा. मी सहा महिन्यांच्या आतला माल घेतो आणि वर्ष उलटून गेलेला कॅन सवलतीत मिळाला तरी घेत नाही. कॅनमधली वाईन ठेवून मुरत नाही, उतरत जाते. काठाला किंवा जोडावर पोचा असेल तर आतल्या थराला तडा गेलेला असू शकतो, तोही नको. फुगलेला कॅन तर उघडूच नका. दुकानाच्या दारात, उन्हाच्या तिरपीत रचलेल्या खोक्यांऐवजी फ्रिजमधला कॅन मागा. घरी माळ्यावर ठेवू नका. वरचा स्लॅब दिवसभर तापतो. फ्रिजमध्ये जागा नसेल तर स्वयंपाकघरापासून लांब, कपाटाचा खालचा कप्पा बरा.

वास सौम्य असेल तर वाईन फेकू नका. ग्लासात ओता, जरा फिरवा, पाच-दहा मिनिटं थांबा, बहुतेक वेळा उडून जातो. ग्लासातही राहिला तर ती वाईन सोडून द्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं: ग्लासात ओता. कॅनच्या छोट्या तोंडातून वाईनचा वास नाकापर्यंत पोचत नाही, आणि वास गेला की उरतं ते नुसतं आंबट पाणी. लांब दांड्याचा ग्लास नसला तरी चालेल, साधा पाण्याचा काचेचा ग्लास एक-तृतीयांश भरा. ओतण्याआधी कॅनचं वरचं झाकण पुसून घ्या, गोदामाची धूळ तिथेच साचते.

आता थंड करणं. यात मुंबईच्या हवेची दोन वैशिष्ट्यं लक्षात घ्यावी लागतात. पहिलं, कॅनला ओलं फडकं गुंडाळून पंख्याखाली ठेवायची युक्ती विदर्भाच्या कोरड्या उन्हात चालते, इथे नाही. हवेत आधीच इतकी वाफ असते की फडकं वाळतच नाही. दुसरं, थंड कॅन बाहेर काढला की त्यावर पाणी सुटतं. ते नुसतं टेबल ओलं करत नाही. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि ती कॅनमध्ये शिरते. त्यामुळे दमट हवेत कॅन कोरड्या हवेपेक्षा लवकर गरम होतो. कॅनवर रबरी बाही चढवा, नाहीतर सुका नॅपकिन घट्ट गुंडाळा, आणि एका वेळी एकच कॅन बाहेर काढा.

सर्वात जलद उपाय बर्फ, पाणी आणि मीठ. बादलीत किंवा खोल पातेल्यात अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ घाला. कॅन पूर्ण बुडायला हवा. नुसत्या बर्फात फटींमध्ये हवा राहते आणि कॅनला थोड्याच ठिकाणी बर्फ टेकतो. पाणी सगळीकडून लागतं, मीठ ते शून्याच्याही खाली नेतं. २५० मिलीचा कॅन अधूनमधून हळू फिरवला तर साधारण १० ते १५ मिनिटांत तयार होतो. बुडबुड्यांची वाईन असेल तर हळू फिरवा, पण जोरात हलवू नका. अशी वाईन लोकलच्या गर्दीतून बॅगेत आणली असेल तर उघडण्याआधी निदान अर्धा तास थंडाव्यात स्थिर ठेवा, नाहीतर निम्मी बाहेर उडते.

साध्या फ्रिजला तीनेक तास लागतात, म्हणून सकाळीच ठेवा. फ्रीझरमध्ये ठेवायचाच असेल तर ४० मिनिटांचा गजर लावा. घरचा फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास असतो, वाईन उणे ५-६ लाच गोठायला लागते आणि गोठताना फुगते. विसरलात तर कॅनचं बूड बाहेर येतं किंवा शिवण फाटते.

किती थंड प्यायची? बुडबुड्यांची ६ ते ८ अंशांना, साधी व्हाइट आणि रोझे (गुलाबी वाईन) ८ ते १०, हलकी रेड १३ ते १५. रेड खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला थंड देशांतल्या खोल्यांचा. आपल्या खोलीत ३२ अंश असतात आणि त्या उष्णतेत रेडमधलं अल्कोहोल नाकाला झोंबतं. रेडचा कॅनही फ्रिजमध्ये ठेवा आणि प्यायच्या १५-२० मिनिटं आधी काढा. ग्लासात बर्फ टाकला की वाईन पचपचीत होते. त्याऐवजी द्राक्षं गोठवून ठेवा आणि चार-पाच टाका.

एक गोष्ट मात्र खरंच सांभाळा. कॅन बिअरसारखा दिसतो म्हणून लोक बिअरच्या वेगाने पितात. टिल्ट या ब्रँडच्या वाईनचा कॅन २५० मिलीचा, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीचा तिसरा हिस्सा. वाईन १२.५ टक्के असेल तर त्यात जवळपास ३१ मिली अल्कोहोल आहे. ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये साडेसोळा. म्हणजे एक छोटा कॅन जवळजवळ दोन बिअर. दिया या ब्रँडसारखी हलकी, गोडसर वाईन ३३० मिलीच्या कॅनमध्ये मिळते, तिथे गणित वेगळं, म्हणून लेबलवरचा टक्का बघूनच हिशेब करा. उकाड्यात घामाने शरीर आधीच कोरडं पडलेलं असतं, तेव्हा प्रत्येक कॅनमागे दोन ग्लास पाणी. हलकं हवं असेल तर १०० मिली थंड व्हाइट, १०० मिली थंड सोडा आणि संत्र्याची चकती. रेडमध्ये सोडा नको, कडवटपणा वर येतो.

सोबत रव्यातले बोंबील किंवा कोळंबी असेल तर बुडबुड्यांची व्हाइट घ्या, तळणीचा तेलकटपणा ती धुऊन काढते. मालवणी तिखटाबरोबर थोडी गोडसर रोझे चालते. रेडच्या तुरटपणाने तिखट आणखी जळतं. आमरसाच्या पानावर मात्र कोरडी (ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली) वाईन ठेवू नका, आमरसानंतर ती नुसती चिंचेसारखी लागते.

जुहू किंवा गिरगाव चौपाटीवर कॅन नेणार असाल तर नको. सार्वजनिक जागी पिणं गुन्हा आहे आणि कॅनमध्ये वाईन असली तरी त्यातून सूट नाही. घरची गॅलरी किंवा परवानगी असेल तर सोसायटीची गच्ची, तीही सूर्य मावळल्यावर.

उघडलेला कॅन परत बंद होत नाही. उरलीच तर लहान सोड्याच्या बाटलीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा. साधी वाईन फ्रिजमध्ये दोन दिवस राहते, बुडबुड्यांची त्याच रात्री संपवा.