शेणाचा रिपोर्ट निल आला, तरी गायींना लिव्हर फ्लूक (यकृतातला चपटा पर्णकृमी) असू शकतो का?

हो, असू शकतो. तुम्ही लिहिलंय की १४ गुरं तलावाकाठी चरतात, त्यातल्या चार गायी खंगल्यात, संध्याकाळी जबड्याखाली मऊ सूज दिसते आणि अल्बेंडाझोल हे जंताचं औषध देऊनही फरक नाही. एवढं वाचल्यावर मी त्या एका रिपोर्टवर थांबणार नाही.

मी पशुवैद्यक आहे. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात, मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या भागात बरीच वर्षं काम केलंय. पहिला प्रश्न मी हाच विचारतो: शेण तपासलं कसं? बऱ्याचदा ते मिठाच्या दाट द्रावणात ढवळतात. गोल कृमींची हलकी अंडी वर तरंगतात आणि सापडतात. पर्णकृमीचं, म्हणजे लिव्हर फ्लूकचं अंडं जड असतं, ते तळाशीच राहतं. त्यासाठी शेण पाण्यात कालवून गाळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं, असं पाणी नितळ होईपर्यंत करायचं. मग त्या गाळात मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला की निळ्यात सोनेरी पिवळी अंडी उठून दिसतात. अंडं फिकट, राखाडी असेल तर ते बहुधा पोटातल्या, म्हणजे रुमेनमधल्या चपट्या कृमीचं. ही गल्लत फार होते.

दुसरं, काळ. आपल्याकडच्या फॅसिओला जायगँटिका जातीचा कृमी जनावराच्या पोटात गेल्यापासून अंडी घालेपर्यंत साधारण तीन ते चार महिने जातात. तोवर कोवळे कृमी यकृत पोखरत असतात आणि शेण स्वच्छ दिसतं. पुढेही अंडी पित्ताशयात साठून थांबून थांबून पडतात. म्हणून एकाच गायीचा नमुना नको. खंगलेल्या चारही आणि धडधाकट दिसणाऱ्या पाच-सहा, अशा सगळ्यांचं ताजं शेण वेगवेगळं द्या. म्हशी असतील तर त्यांचंही द्या, कारण वरून ठणठणीत दिसणारी म्हैसही अंडी टाकत असते. निल आलं तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्या.

औषधाने फरक पडला नाही म्हणून फ्लूक नाही, असंही धरू नका. गोल कृमींच्या मात्रेत दिलेल्या अल्बेंडाझोलचा पर्णकृमीवर भरवसा नाही, आणि कोवळ्या कृमींवर ते चालतच नाही.

सूज मात्र फक्त फ्लूकचीच असते असं नाही. गोचिडांमुळे होणारा थायलेरिया, जोन्स रोग (आतड्याचा जुनाट रोग), छातीखाली सूज असेल तर पोटात गेलेली तार किंवा खिळा, हेही बघावं लागतं. रक्ताची काच (काचेवर रक्ताचा पातळ थर घेऊन तपासणी), हिमोग्लोबिन आणि जमलं तर जीजीटी ही यकृताची रक्तचाचणी करून घ्या. जीजीटी वाढलेलं असेल तर पित्तनलिकांना इजा झाल्याचा संशय बळावतो. आणि एखादं जनावर दगावलंच, तर काळीज घट्ट करून शवविच्छेदन करून घ्या. यकृत कापताना सुरी करकरली, नलिका जाड आणि चुनकट निघाल्या, आत पानासारखे कृमी दिसले, तर बाकीच्या कळपासाठी तेवढा पुरावा पुरे.

या आठवड्यात नमुने देताना अर्जावर ‘सेडिमेंटेशन पद्धतीने तपासा’ (म्हणजे वर सांगितल्यासारखं गाळ बसवून) असं स्पष्ट लिहा. कोणत्या गायी गाभण आहेत आणि कोणत्या दुधात, ते औषध ठरण्याआधी डॉक्टरांना सांगा.