चॅनेल ३ रिकामा दिसतोय, तिथे जाऊ का? (वायफायची प्रश्नोत्तरे)

तोच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच सविस्तर लिहितो. बाकीचे प्रश्नही सोबत घेतलेत.

प्रश्न : फोनवर रेंज फुल आहे, तरी व्हिडिओ अडकतो. असं का?

रेंज म्हणजे राउटरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात पोचतो तेवढंच. राउटर ज्या चॅनेलवर (म्हणजे वायफायच्या पट्ट्यातल्या ज्या ठरावीक जागेवर) बोलतो, तिथे अजून किती जण बोलतायत हे त्यात दिसत नाही.

प्रश्न : अ‍ॅपने स्कॅन केलं. १, ६, ११ वर गर्दी आहे आणि ३ वर कोणीच नाही. राउटर ३ वर टाकू?

नका टाकू. मित्राने सांगितलं, व्हिडिओत बघितलं, काहीही असो, नका टाकू. वायफायच्या २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेलचे नंबर ५-५ मेगाहर्ट्झच्या अंतराने आहेत, पण एक नेटवर्क जागा खातं साधारण २० मेगाहर्ट्झ, म्हणजे ३ वर बसलात की तुमचा एक पाय १ मध्ये आणि दुसरा ६ मध्ये. आता लोकांना वाटतं की शेजाऱ्याच्याच चॅनेलवर गेलो तर भांडण होईल, तर उलट आहे, एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं ऐकतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतात, स्पीड वाटला जातो पण काम चालतं. ३ वरून मात्र १ आणि ६ वाल्यांचं बोलणं कळतच नाही, नुसता गोंगाट वाटतो. स्वतःच्या चॅनेलवरचं वायफाय राउटर साधारण −८२ डीबीएमपर्यंत (हे सिग्नलच्या जोराचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका जोर जास्त) ओळखून थांबतो, पण न कळणारा गोंगाट असेल तर तो −६२ च्या आसपास पोचेपर्यंत थांबत नाही. मग दोघंही एकदम बोलतात, पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, फुटतात, परत पाठवावे लागतात. एका घरी बघितलं, राउटरशेजारी बसून सिग्नल −४२, म्हणजे झकास, आणि व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतोय. राउटर ३ वर होता. ११ वर दोन नेटवर्क आधीपासून होती, दोन्ही कमजोर, तरी मी तिथेच टाकला आणि त्याच खुर्चीत बसून कॉल नीट झाला. आणि नुसती नेटवर्क मोजू नका, −८५ वाली चार असली तरी चालतील, −५० वालं एक दिवसभर डाउनलोड करत असेल तर तेच जड. हे अ‍ॅपच्या आलेखात कळत नाही, त्यासाठी चॅनेल किती वेळ व्यापलेला आहे ते मोजावं लागतं, तेव्हा शंका असेल तर जाणकाराकडून मोजून घ्या.

प्रश्न : १४ नंबरचा चॅनेल मोकळा असतो म्हणे?

तो फक्त जपानमध्ये आणि तोही ८०२.११बी या जुन्या प्रकारच्या वायफायसाठी आहे. सेटिंगमध्ये देश बदलून उघडू नका, ते बेकायदा ठरू शकतं.

प्रश्न : ५ गीगाहर्ट्झचं नेटवर्क मधूनच मिनिटभर गायब होतं. राउटर खराब झाला का?

बहुतेक नाही. ५२ ते १४४ मधल्या चॅनेलवर रडारचा हक्क आधी आहे, राउटरला रडार जाणवलं की तो चॅनेल सोडतो आणि त्याच पट्ट्यात दुसरीकडे जायचं तर आधी किमान ६० सेकंद ऐकत बसतो. ३६ ते ४८ वर टाकून दोन दिवस बघा. तरीही झालं तर राउटरचा लॉग (तो स्वतः ठेवतो ती नोंद) सेव्ह करून एखाद्या नेटवर्कवाल्याला दाखवा, नवीन राउटरची घाई नको.

प्रश्न : दुकानदार म्हणतो बूस्टर लावा, स्पीड दुप्पट होईल.

खोटं आहे. बूस्टर म्हणजे बहुतेक वेळा साधा रिपीटर, तो ज्या चॅनेलवर ऐकतो त्याच चॅनेलवर तेच परत बोलतो, म्हणजे प्रत्येक पॅकेट हवेत दोनदा जातं आणि स्पीड जवळपास निम्मा होतो. दोन्ही टोकांना केबल टाकता येते का आधी बघा. असली आश्वासनं देऊन लोकांच्या गळ्यात डबे मारतात त्याचा मला खरंच राग येतो.

प्रश्न : सहा महिने झाले, रोज रात्री नेट स्लो होतं. सर्व्हे (आसपासच्या नेटवर्कची पाहणी) कधी करावा?

सहा महिने का थांबलात? आज रात्रीच करा, स्लो असतानाच, सकाळच्या सर्व्हेचा काही उपयोग नाही. आधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून स्पीड बघा, तिथेही कमी असेल तर वायफायचा दोष नाही, नेट देणाऱ्या कंपनीशी बोला. केबलवर ठीक असेल तर जिथे बसून काम करता तिथून स्कॅन करा, राउटरशेजारी उभं राहून नाही, कारण तुमच्या खोलीत ऐकू येणारं शेजाऱ्याचं नेटवर्क राउटरच्या जागी ऐकू येत नसेल तर राउटरचा 'ऑटो' (राउटरने स्वतः निवडलेला) चॅनेल त्याला टाळणार कसा? दोन-तीन रात्रींचे स्क्रीनशॉट ठेवा आणि माणूस बोलवाल तेव्हा आधी तेच त्याच्या हातात द्या.