ठोके चुकतात, मग सायकल बंद का?

साठी ओलांडलेले सायकलवाले हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला हाच प्रश्न घेऊन येतात. हृदयरोगतज्ज्ञांनी तपासलेलं असतं, गोळ्या लिहून दिलेल्या असतात, तरी झोप उडालेली असते.

त्यातलेच एक, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) दर रविवारी संभाजीनगरहून दौलताबादचा घाट चढून वेरूळपर्यंत जायचे, ग्रुपमध्ये सगळ्यांच्या पुढं. होल्टरमध्ये (दिवसभर ठोके नोंदवणारं, अंगावर लावायचं यंत्र) एट्रियल फिब्रिलेशन निघालं, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी थरथरतात. बीपी आधीपासून होतंच. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली. ती पाकिटातच.

"रात्री तीन-तीनदा उठून नाडी बघायलेत हे," बायको म्हणाल्या.

त्यांनी मोबाईलवर वाचलेलं मला ऐकवलं. स्वीडनच्या 90 किलोमीटरच्या वासालोपेट स्की शर्यतीतल्या 52 हजारांहून जास्त स्पर्धकांचा अभ्यास, 2013 सालचा. ज्यांनी जास्त शर्यती पूर्ण केल्या, त्यांच्यात हृदयाचा तालबिघाड जास्त. "म्हणजे मीच ओढवून घेतलं ना, मॅडम?"

वाचलेलं खरं होतं, पण अर्धं. वर्षानुवर्षांच्या अतिश्रमांनी हा धोका वाढू शकतो. बेताच्या व्यायामानं मात्र तो कमी होतो. हे सांगून त्यांचा चेहरा काही बदलला नाही. माहितीनं भीती जाते यावर माझा फारसा विश्वास नाही. घडलेल्या गोष्टीला माणूस कोणता अर्थ चिकटवतो, ते आधी शोधावं लागतं.

"गोळी का घेत नाही?"

"रक्त पातळ होणार. घाटात पडलो तर?"

"आजवर किती वेळा पडलात?"

"एकदाही नाही."

थोड्या वेळानं खाली बघत म्हणाले, "गोळी घेतली की मी पेशंट. मग ग्रुपमध्ये मागं राहायचं."

आता खरी गोष्ट बाहेर आली. पुढं राहायचं नाहीतर सायकल विकायची, मधलं काही त्यांच्या हिशेबातच नव्हतं. मी विचारलं, "जायकवाडी भरलं की 27 दरवाजे एकदम उघडायचात, की सगळे बंद ठेवायचात?"

ते हसले. "छे! आवक बघून अर्धा-अर्धा फूट उचलायचे."

"मग इथं?"

बराच वेळ बोलले नाहीत. हा प्रश्न नेमका त्या क्षणी सुचला, याचं मला आजही बरं वाटतं.

त्याच बैठकीत डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्यांनी स्वतः लिहून काढले: किती जोर चालेल, कधी थांबायचं, डोक्याला मार लागला तर काय. "चालवू का?" एवढंच विचारलं की उत्तरही "जपून" एवढंच मिळतं.

गोळी सुरू झाली. घाट तूर्त बंद, सपाट रस्ता चालू, शेजारच्याशी बोलता येईल एवढ्याच वेगानं. मनगटावरचं घड्याळ या आजारात ठोके चुकीचे दाखवू शकतं, म्हणून रात्री ते कपाटात.

घरच्यांनी सायकल लपवू नये आणि गोळी कुणीही आपल्या मनानं बंद करू नये. या आजारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो. छातीत दुखलं, चक्कर आली, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर माझी अपॉइंटमेंट घेऊ नका, थेट दवाखाना गाठा.