‘साक्रेब्ल्यू!’ म्हणजे नेमकं काय? फ्रेंच लोक खरंच असं म्हणतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही म्हणत. मी फ्रेंच शिकवते, फ्रेंच लोकांशी रोजचं बोलणं असतं, पण राग-आश्चर्याचा हा उद्गार त्यांच्या तोंडून ऐकला तो फक्त थट्टेत. इंग्रजी कार्टूनमधला टोकदार मिशीवाला ‘फ्रेंच’ माणूस मात्र अजूनही उठता-बसता साक्रेब्ल्यू करत असतो.

आता अर्थ. ‘ब्ल्यू’ म्हणजे निळा, म्हणून ‘पवित्र निळा’ असं भाषांतर इंटरनेटभर सापडतं आणि त्याला येशूच्या आईच्या, मेरीच्या, निळ्या झग्याची गोष्ट चिकटवलेली असते. मला ती पटत नाही, कारण हा शब्द एकटा नाही; त्याला बरीच भावंडं आहेत. मोर्ब्ल्यू मूळचा ‘देवाचा मृत्यू’, पार्ब्ल्यू म्हणजे ‘देवाशपथ’, कोर्ब्ल्यू ‘देवाचं शरीर’, पालसांब्ल्यू ‘देवाच्या रक्ताची शपथ’. यांत निळ्या रंगाचं काय काम? देवाला फ्रेंचमध्ये म्हणतात ‘द्यू’. त्याच्याशी यमक जुळणारा निरुपद्रवी शब्द ‘ब्ल्यू’. जिभेवर आलेला देव ऐन वेळी गिळायचा आणि तिथे निळा रंग ठेवून द्यायचा, एवढीच युक्ती. म्हणजे साक्रेब्ल्यूच्या पोटात आहे ‘साक्रे द्यू’. ‘साक्रे’चा अर्थ पवित्र, पण नामाच्या आधी आला की बहुतेक वेळा त्याचा सूर ‘मेला’, ‘लेकाचा’ असा होतो. देवाच्या नावाआधी तो लावणं म्हणजे सरळ ईश्वरनिंदा.

आणि ईश्वरनिंदा परवडणारी नव्हती. चौदाव्या लुईच्या १६६६ च्या हुकमात पहिल्या काही वेळांना दंड होता, मग चारचौघांत गळ्यात लोखंडी कडं अडकवून उभं करणं, तरीही सुधारला नाही तर ओठ आणि शेवटी जीभ कापणं. हा गुन्हा फ्रेंच कायद्यातून गेला तो क्रांतीनंतर, १७९१ मध्ये.

अशा शिव्यांच्या सवयीतून राजेही सुटले नव्हते. लुईच्या आधीचा फ्रान्सचा राजा चौथा हेन्री रागावला की ‘मी देवाला नाकारतो’ अशा अर्थाचं ‘जार्निद्यू’ म्हणायचा. त्याचे धर्मगुरू होते पिएर कोतों. ते म्हणाले (असं सांगतात), देवाला सोडा, हवं तर माझं नाव घ्या. तेव्हापासून राजा ‘जार्निकोतों’ म्हणू लागला! हा शब्द जुन्या फ्रेंच नाटकांतही सापडतो. मला साक्रेब्ल्यूपेक्षा हाच जास्त आवडतो.

देवाचा धाक ओसरला तशी शिव्यांची जागाही बदलली. आजचा फ्रेंच माणूस चिडतो तेव्हा ‘प्युतँ’ (वेश्या) किंवा ‘मेर्द’ (विष्ठा) म्हणतो. मुलंबाळं जवळ असली की तोच जुना खेळ: ‘प्युतँ’ सुरू करून ‘प्युरे’वर, म्हणजे कुस्करलेल्या बटाट्यांवर, संपवायचं, ‘मेर्द’चं ‘मेर्क्रदी’, म्हणजे बुधवार. कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांतात मात्र अजून चर्चमधलीच शिवी चालते. तिथला ‘ताबार्नाक’ म्हणजे चर्चमधली पवित्र प्रसादाची पेटी, आणि सभ्य लोकांसाठी त्याचं ‘ताबार्नूश’.

तुम्ही फ्रान्सला जाणार असाल तर साक्रेब्ल्यू घरीच ठेवा. ‘मँस’ (साधारण आपलं ‘अरेच्चा!’) म्हणा, सासूबाईंसमोरही चालतं. ‘झ्यूत’ही चालेल, फक्त थोडं जुन्या वळणाचं वाटेल. आणि ‘ओ ला ला’ मात्र ते खरंच म्हणतात, बहुतेक वेळा वैतागून.